अनुदान आणि वाटा

शाळेच्या छपरावर सोलरचा नवा संच बसवायचा आहे, त्याला सरकारी अनुदान मिळते, तेव्हा अर्जाचा मसुदा तयार करा, असे आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी या आषाढात मला सांगितले. अर्ज कन्नडमध्ये लिहायचा आणि संस्थेच्या सभेत तो मराठीत समजावून सांगायचा, ही सीमाभागातल्या मुख्याध्यापकाला काही नवी गोष्ट नाही. पण कागद पुढ्यात घेतला आणि एका रकान्याशी लेखणी अडली. ‘संस्थेने यापूर्वी अशा योजनेचा लाभ घेतला आहे काय? असल्यास सद्यःस्थिती.’

लाभ घेतला होता. काही वर्षांपूर्वी दहावीच्या रात्रीच्या अभ्यासवर्गासाठी आम्हाला अनुदानातून सोलर दिवे मिळाले. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पहिली दोन वर्षे करंट गेला तरी आमचा वर्ग उजळलेला असे. त्यानंतर बॅटरीत पाणी घालायचे कोणी, हे ठरले नाही. शिपाई म्हणे, हे काम माझे नव्हे. शिक्षक म्हणत, संस्था बघेल. संस्था म्हणे, ज्यांनी दिले ते बघतील. दिवे विझले. आणि नेमकी तेव्हाच पाहणीची तारीख आली. आम्ही दहावीतल्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणायला लावली, जोडली, दिवे लावून छायाचित्र काढले आणि ‘संच सुस्थितीत चालू आहे’ या मजकुराखाली मी सही केली. त्या वर्षी मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. दर सोमवारी परिपाठात सत्यावर बोलणारा मीच होतो.

त्या सहीचा विचार करताना प्रथम एक सोपे उत्तर सुचते. फुकट मिळालेल्या वस्तूची माणसाला किंमत नसते, म्हणून अनुदानेच बंद करावीत. चहाच्या टपरीवर हे वाक्य रोज ऐकू येते. पण ते उच्चारायचा अधिकार मला आहे काय? आमची शाळा अनुदानित आहे. माझा दरमहाचा पगार अनुदानातून येतो. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांच्या घरात शाळेत जाणारी ती पहिलीच पिढी. फुकटाची किंमत नसते हे खरे असते, तर या मुलांनी शिक्षणाची माती केली असती. त्यांनी ती केली नाही. मग दिव्यांचीच का झाली?

याचे उत्तर शोधताना मला आपल्याच राज्यातले पुरा हे खेडे आठवते. तुमकूर जिल्ह्यातले, कुणिगल तालुक्यातले, शंभरही घरे नसलेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे गोबरगॅसचा सार्वजनिक संच उभारला. प्रथम कल्पना अशी, की गावाला स्वयंपाकाचा गॅस द्यावा. पण गावातल्या शेणाचा गॅस सगळ्या चुलींना पुरेना आणि तो प्रयत्न फसला. मग गावाला खरे काय हवे आहे याचा विचार झाला. गावाला हवे होते पिण्याचे पाणी आणि उजेड. 1987 पासून शेणाच्या गॅसवर, जोडीला थोडे डिझेल घालून, इंजिन चालू लागले; नळाला पाणी आले, घरात दिवे लागले. शेण आणून देणाराला किलोमागे दोन पैसे मिळत आणि गॅस निघाल्यावर उरलेला खतावा त्याचा त्याला परत जाई.

दोन पैशांत काय येते? काही नाही. पण त्या दोन पैशांत हिशेब आला, नाव आले, रोजचे येणे-जाणे आले. शेण आणले नाही तर दुसऱ्या दिवशी नळ कोरडा, हे गावातल्या बाईला दिसत होते. गावाचे हित आणि घराचे हित एकाच दोरीला बांधले गेले. सामायिक मालमत्तेचा नाश अटळ असतो, असे मानणाऱ्यांना रेड्डींनी या गावाचे उदाहरण देऊन उत्तर दिले. पुढे काही वर्षांनी पुऱ्यातला संचही बंद पडला, हेही सांगितले पाहिजे. आपलेपणा एकदा निर्माण केला की कायमचा टिकतो, असे नाही. तोही बॅटरीसारखाच, पाणी घालीत राहावे लागते.

शिरसी तालुक्यातली गोष्ट याहून साधी. तेथील घरगुती गोबरगॅसवरचा एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. पाहिलेले संच बहुतेक सगळे चालू होते. अनुदान तेथेही होते. पण संच बांधणारा त्याच भागातला होता, तक्रार आली की त्याला उंबरठ्यावर उभे राहावे लागे. त्याची अब्रू त्या खड्ड्यात गुंतलेली होती.

तेव्हा प्रश्न पैसा कोणी दिला हा नाही. 2024 साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला केंद्र सरकार 78,000 रुपये देते, गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठीही किलोवॅटमागे 18,000 रुपये देते. ही मदत योग्यच आहे. गरिबाने आधी खिसा रिकामा करून आपली लायकी सिद्ध करावी, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. पण वाटा काही पैशाचाच असतो असे नाही. शेणाची पाटी हा वाटा आहे, पत्र्यावरची धूळ पुसणे हा वाटा आहे. आमच्या मुलांनी शिक्षणात रोज चालत येण्याचा, जागण्याचा वाटा घातला, म्हणून ते त्यांचे झाले. दिव्यांत कोणाचाच वाटा नव्हता. कोशकार काय म्हणायचे ते म्हणोत, पण ‘अनु’ म्हणजे मागून येणारे. जे आपल्या दानाच्या मागून येते ते अनुदान, असा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे.

बॅटरी आणून देणारा तो मुलगा आता खानापूर रस्त्यावर बॅटरी दुरुस्तीचे दुकान चालवतो. नव्या संचाची देखभाल करशील का, असे विचारायला मी गेलो आणि ओघात त्या दिवसाबद्दल माझी चूक झाली असेही म्हणालो. तो हसला. म्हणाला, “राहू द्या सर. पण त्या दिवशी बाबांची नांगरट राहिली होती. ट्रॅक्टर दिवसभर रानात उभा होता.”

हे मला ठाऊक नव्हते. माझ्या सहीची किंमत कोणीतरी चुकवली होती, आणि तो कोणी सरकारी खातेदार नव्हता. घरी येऊन मी त्या रकान्यात लिहिले: ‘घेतला होता. देखभालीअभावी संच बंद पडला. त्या वेळी दिलेले प्रमाणपत्र बरोबर नव्हते.’ खाली ‘संस्थेचा वाटा’ या शीर्षकाखाली देखभालीची वही, दोन शिक्षकांची नावे आणि दरमहा माझ्या पगारातली थोडी रक्कम लिहिली.

असा अर्ज मंजूर होणार नाही, असे अध्यक्षांचे मत आहे. कदाचित ते खरेही असेल. तरी वही मात्र आम्ही आत्तापासूनच घातली आहे. तूर्त तीत शाळेच्या नळांची आणि पंख्यांची नोंद होते.