गंगाजळी

ऑगस्ट उजाडला की आम्हा टॅम्पाकरांच्या घरी दोन तयाऱ्या एकदमच सुरू होतात, एक गणपतीची आणि दुसरी वादळाची. गॅरेजमध्ये मखराच्या सामानाला टेकून प्लायवूडच्या फळ्या उभ्या असतात. 1 जून ते 30 नोव्हेंबर हा इथला वादळांचा मोसम, आणि त्याचा ऐन भर सप्टेंबरच्या दहा तारखेच्या आसपास. म्हणजे जे काही करायचं ते ऑगस्टमध्येच.

घरापुरती तयारी सोपी असते. सामाईक गोष्टींची तयारी मात्र आमच्या होमओनर्स असोसिएशनकडे. आपल्या हाउसिंग सोसायटीची ही अमेरिकन चुलत बहीण! भांडणं अगदी तीच, फक्त इंग्रजीतून. आमची 48 टाउनहाउसेस आहेत. घरांवर झुकलेल्या फांद्या छाटणं, पावसाळी गटारांच्या जाळ्या साफ करणं, तळ्याचा सांडवा मोकळा करणं, छपरं तपासून घेणं, विम्याचे कागद चाळणं, ही ऑगस्टची कामं. मी तीन वर्षं या कमिटीवर होतो. त्या काळातली एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ती सांगण्यासाठीच हा लेख.

ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या खजिनदारांनी प्रस्ताव मांडला. छपरं जुनी झाली आहेत, तेव्हा दरमहा घरटी 40 डॉलर वाढवावेत, लगेच करायच्या दुरुस्त्या करून घ्याव्यात आणि उरलेली रक्कम गंगाजळीत टाकावी. सभेत शेजारच्या आजीबाई उठल्या. नवरा गेलेला, उत्पन्न फक्त सोशल सिक्युरिटीचं. त्या म्हणाल्या, "मी 81 वर्षांची आहे. वीस वर्षं टिकणाऱ्या छपराचे पैसे मी का भरायचे?"

सभा गप्प झाली. मीही विरोधात मत दिलं. प्रस्ताव पडला. जाताना आजीबाईंनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. त्यांना काय ठाऊक, की दोन वर्षांत घर विकून मोठ्या घरात जायचा माझा बेत होता आणि मनात हिशेब वेगळाच होता: 'पुढचा घरमालक बघून घेईल!'

26 सप्टेंबर 2024 ला हेलीन आलं. किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत समुद्र शिरला. घराबाहेर टाकलेल्या भिजक्या सोफ्यांचे ढीग उचलून व्हायच्या आत, 9 ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन सिएस्टा की इथे धडकलं. वादळ दक्षिणेला सरकल्यामुळे टॅम्पाच्या उपसागरातलं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं, पण पावसाने कसर भरून काढली. सेंट पीटर्सबर्गला 18 इंचांहून जास्त पाऊस झाला. आमच्या दोन इमारतींची छपरं उघडी पडली. त्यातलं एक आजीबाईंच्या डोक्यावरचं होतं.

विमा होता, पण इथे वादळासाठीचं डिडक्टिबल विम्याच्या एकूण रकमेच्या टक्केवारीत असतं. गंगाजळी तर जवळजवळ कोरडी. शेवटी घरटी 4,800 डॉलरची वर्गणी एकदम काढावी लागली. वेळेवर दुरुस्ती केली असती तर काहीच झालं नसतं, असा दावा मी करणार नाही. वादळापुढे कुणाचं चालतं? पण पैसे एकदम उभे करायची वेळ तरी आली नसती. मी चेक लिहून मोकळा झालो. आजीबाईंनी गाडी विकली.

तेव्हापासून त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. माझ्यापुरतं मला सापडलेलं उत्तर असं: गंगाजळी ही पुढच्यांसाठी केलेली देणगी नव्हे. छप्पर रोज थोडंथोडं झिजतं, आणि त्या झिजेचा उपभोग आज खाली राहणारा घेत असतो. आज वापरलेल्या छपराचे पैसे आज भरायचे, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'टेक्निकल डेट' म्हणतो. आज टाळलेलं काम नाहीसं होत नाही, ते व्याजासकट कुणाच्या तरी अंगावर येतं. बहुधा ज्याने ते टाळलं त्याच्या नव्हे.

पुण्यात बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के सिंकिंग फंड गोळा करताना लोक त्यांच्यावर वैतागत. मला तेव्हा तो बाबांचा हट्ट वाटे.

24 जून 2021 ला सर्फसाइडची बारा मजली इमारत कोसळून 98 माणसं गेली. 2018 मध्येच अभियंत्याने तिथले दोष दाखवले होते. सुमारे दीड कोटी डॉलरच्या दुरुस्तीची वर्गणी एप्रिल 2021 मध्ये, बऱ्याच वादानंतर, मंजूर झाली होती. त्यानंतर 2022 मध्ये फ्लोरिडाने कायदा केला. तीन मजली आणि त्याहून उंच कॉन्डो इमारतींना आता मुख्य बांधकामाची गंगाजळी मताने माफ करता येत नाही. आमची दुमजली टाउनहाउसेस त्या कायद्यात येत नाहीत. म्हणजे जिथे कायदा थांबतो, तिथून पुढे आपली सदसद्विवेकबुद्धी.

पण मग आजीबाई चुकल्या का? मला तसं वाटत नाही. त्यांचं आणि माझं मत एकच होतं, पण त्यांना परवडत नव्हतं आणि मला द्यायचं नव्हतं. त्यांच्या अडचणीवर उपाय शोधता आला असता: वाढ टप्प्याटप्प्याने करता आली असती, परवडणाऱ्यांनी सुरुवातीला जास्त भार उचलता आला असता. मी तो शोधला नाही, कारण त्यांच्या अडचणीआड माझा स्वार्थ छान लपत होता. दुबळ्याची कड घेतल्याचं समाधान फुकटात मिळालं, ते वेगळंच!

घर मी अजून विकलेलं नाही. पुढच्या सभेत वाढीचा प्रस्ताव मीच मांडला, टप्प्यांसकट, आणि तो थोडक्या मतांनी पास झाला. आजीबाईंनी बाजूने मत दिलं. आता दर शनिवारी त्या माझ्या गाडीतून वाणसामान आणायला येतात.

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण अशा कमिट्यांवर असाल. या ऑगस्टमध्ये हात वर करण्यापूर्वी एकदा स्वतःला विचारून बघा: हे मत मी कुणासाठी देतो आहे?