ठेव बुडाली; दोष कोणाचा?

एखादी पेढी किंवा बँक बुडाली म्हणजे तिच्या बंद दारापुढे दोन प्रकारचे लोक जमतात. ज्यांचे पैसे अडकले ते एक, आणि ज्यांचे अडकले नाहीत ते दुसरे. पहिले फारसे बोलत नाहीत. दुसऱ्यांच्या तोंडून मात्र एक प्रश्न हटकून निघतो, ‘तेथे ठेवलेच कशाला?’ असे विचारणारा मनुष्य बहुधा दुष्ट नसतो. आपले पैसे शाबूत राहिले ते आपल्या शहाणपणामुळे राहिले, अशी त्यास स्वतःची समजूत घालावयाची असते, आणि शेजाऱ्यास मूर्ख ठरविल्यावाचून ती समजूत पटत नाही. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला तेव्हाही लोकांनी असाच तर्क चालविला होता. त्या तर्काची कशी वासलात लागली हे आमच्या वाचकांस ठाऊक आहे.

तथापि तो प्रश्न अगदीच टाकाऊ आहे असेही आम्ही म्हणत नाही. ठेवीदारावर कसलीच जबाबदारी नाही असे म्हटले, तर त्यास आपण अज्ञान बालकच लेखले असे होईल. म्हणून तो प्रथम नीट विचारू या. ज्याने पैसे ठेवले, त्यास काय कळणे शक्य होते?

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण घ्यावे. ही बँक १९८४ साली निघाली व पुढे अनेक राज्यांत तिच्या शाखा झाल्या. ता. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, आणि खातेदारास सहा महिन्यांत १,००० रुपयांहून अधिक रक्कम काढता येणार नाही असे जाहीर झाले. लेकीच्या लग्नासाठी, शस्त्रक्रियेसाठी, म्हातारपणासाठी ठेवलेले लक्षावधी लोकांचे पैसे एका रात्रीत कुलुपाआड गेले. नंतर असे उघड झाले की बँकेच्या एकंदर कर्जांपैकी शेकडा सत्तरांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम कंपनीच्या समूहाकडे गुंतले होते. आणि ते झाकण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट खाती दाखविण्यात आली, असे पोलिसांत दाखल झालेल्या फिर्यादीत म्हटले होते.

आता हे ठेवीदारास कसे कळावे? समजा त्याने मार्च २०१९ चा छापील ताळेबंद मिळवून वाचला असता, तर त्यास काय दिसले असते? सुमारे १०० कोटी रुपयांचा नफा, आणि शेकडा चारांहूनही कमी थकबाकी. म्हणजे ज्याने मुळीच चौकशी केली नाही तो बुडाला, आणि ज्याने कसून चौकशी केली तोही त्याच्या शेजारीच बुडाला. जेथे सावध व बेसावध यांची गत एकच होते, तेथे बेसावधपणास दोष देणे व्यर्थ आहे.

‘पण अधिक व्याजाचा लोभ धरला ना!’ असे कोणी म्हणेल. लोभ हे पाप आहे याविषयी आमचे दुमत नाही, पण तो मोजून पाहावा. दोन लाख रुपयांवर शेकडा एक अधिक व्याज म्हणजे वर्षाकाठी दोन हजार रुपये, दिवसास साडेपाच रुपयेही नाहीत. इतक्यात चहाचा पेला येत नाही. वर्षभरात पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या मागे जो धावला, त्याची गोष्ट निराळी. त्याच्याजवळ एवढा व्यापार कोठून आला हे विचारावयास फार शिक्षण लागत नाही. पण ज्या विधवेने सरकारी परवान्याची पाटी पाहून आपली मुदत ठेव अर्ध्या-एक टक्क्यासाठी तेथे ठेवली, तिला लोभी म्हणणाऱ्याने आपल्या घरच्या पावत्यांवरील दर आधी पाहावा.

दुसरी एक गोष्ट गावोगावच्या लोकांस माहीत नसते, आणि आमच्या मते ती या सर्व प्रकरणाच्या मुळाशी आहे. सहकारी बँकेत कर्ज घेणाऱ्यास सभासद व्हावे लागते, आणि सभासदास संचालक निवडण्याचे मत असते. केवळ ठेव ठेवणाऱ्यास सभासद होण्याची सक्ती नाही, म्हणून बहुतेक ठेवीदारांस मतही नसते. ज्याचा पैसा त्यास वाचा नाही, आणि ज्यास पैसा हवा तो कारभारी निवडतो! अशा घरात कोठीच्या किल्ल्या कोणाच्या हाती जातील हे सांगावयास नको. सहकाराचे तत्त्व आम्हांस प्रिय आहे, आणि त्याने आमच्या खेड्यांस सावकाराच्या पाशातून पुष्कळ अंशी सोडविले हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच हे व्यंग आम्हांस अधिक खुपते.

मग दोषाचे माप कसे घालावे? ज्याने पाहावयाचे काम पत्करले आणि पाहिले नाही, त्याचा दोष मोठा. संचालक मंडळावर पुष्कळदा गावातील प्रतिष्ठित गृहस्थ असतात. त्यांतील काही खरोखर सज्जन असतात, आणि पेढी बुडाल्यावर ते डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, ‘आम्ही विश्वासाने सह्या केल्या.’ ठेवीदारही हेच म्हणतो, पण दोघांचा विश्वास एक नव्हे. ठेवीदारापुढे हिशेबाच्या वह्या नव्हत्या, संचालकापुढे होत्या. त्यांत डोकावण्यासाठीच त्यास तेथे बसविले होते, त्याचे नाव दारावरच्या फळ्यावर रंगविले होते, आणि ते नाव वाचूनच लोकांनी पैसे आणून दिले होते. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात कलम ८३ प्रमाणे चौकशी होऊन कलम ८८ प्रमाणे अशा कारभाऱ्यांवर नुकसानीची रक्कम बसविता येते. ते काम किती संथ चालते हे ज्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यांस विचारावे.

दोष आणि भार या दोन वस्तू कधी कधी निराळ्या माणसांच्या वाट्यास येतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. स्कॉटलंडात सिटी ऑफ ग्लासगो बँक ता. २ ऑक्टोबर १८७८ रोजी बंद पडली. खोटे ताळेबंद प्रसिद्ध केल्याबद्दल पुढच्या वर्षी व्यवस्थापक व संचालक यांस शिक्षा झाल्या. दोघांस अठरा महिने, बाकीच्यांस आठ महिने. ठेवीदारांचे पैसे मात्र पुरे फिटले. ते कोणी फेडले? भागधारकांनी. तेव्हा त्यांची जबाबदारी अमर्याद होती, आणि प्रत्येक १०० पौंडांच्या भागामागे त्यांस एकंदर २,७५० पौंड भरावे लागले. १,८१९ भागधारकांपैकी अवघे २५४ दिवाळ्यातून वाचले. विश्वस्त या नात्याने ज्यांनी इतरांसाठी भाग आपल्या नावावर धरून ठेवले होते, त्यांसही न्यायालयाने सोडले नाही. त्यांची स्वतःची मालमत्ता गेली. त्यांनी कोणते पाप केले होते? काही नाही. पण त्यांचे नाव त्या वहीत होते. हा न्याय आम्हांस फार कठोर वाटतो, आणि कायद्यानेही पुढे तो सौम्य केला. तरी ‘आमचा दोष नाही’ एवढे म्हणताच आपला संबंध संपत नाही, एवढे त्यावरून आमच्या ध्यानी आले.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी एक पतसंस्था होती. तिचे नाव येथे देत नाही. आमच्या मंडळीतील एका मावशींनी पंचवीस वर्षे परक्यांच्या घरी स्वयंपाक करून एक लाख साठ हजार रुपये जमविले होते. त्यांनी आम्हांस विचारले, ‘पाळकसाहेब, हे कोठे ठेवू?’ आम्ही ती पतसंस्था सांगितली. अध्यक्ष आमच्या ओळखीचे, कारकून नम्र, इमारत नवी. आणि आमची स्वतःची थोडी ठेव तेथेच होती. सव्वा वर्षाने दारास कुलूप लागले.

गावाचा सर्व राग प्रथम पिग्मी गोळा करणाऱ्या तरुणावर गेला. तो रोज भाजीवाल्यांकडून वीस-वीस रुपये नेत असे, आणि त्याच्या आईचे पैसेही तेथेच होते. लोकांनी त्याच्या घरावर दगड मारले. संचालकांच्या घरांपर्यंत कोणी गेले नाही, कारण ती घरे दूर होती आणि त्यांस फाटके होती. आमच्यावर कोणी दगड मारला नाही. कोणी काही बोललेही नाही, आणि तेच आम्हांस अधिक जाचले.

आम्ही मनाशी अनेक उत्तरे रचली. आमचेही पैसे गेले. आमचा हेतू चांगला होता. आम्हांस तरी काय कळणार होते? यांतील पहिली दोन उत्तरे खरी होती. तिसरे खरे नव्हते. पतसंस्थेच्या आतील कर्जे आम्हांस कळली नसती हे खरे, पण एक गोष्ट कळण्याजोगी होती आणि आम्ही ती विचारली नाही. १९६० साली केरळातील पालाई सेंट्रल बँक व आमच्याच वऱ्हाडातील अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर ता. १ जानेवारी १९६२ पासून या देशात बँकांतील ठेवींस विमा आला. आरंभी तो १,५०० रुपयांचा होता, १९९३ साली एक लाखाचा झाला, आणि ता. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांचा आहे. त्याचा हप्ता बँक भरते. परंतु हा विमा पतसंस्थांस नाही. बँक व पतसंस्था यांच्या पाट्या सारख्या, काउंटर सारखे, पावत्याही सारख्या. भेद एवढाच, आणि तो आम्हांस ठाऊक नव्हता. ज्या मावशींस अक्षरओळखही बेताची त्यांनी तो जाणावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण ज्याच्या शब्दावर लोक चालतात, त्याने ‘ठेवा’ म्हणण्यापूर्वी एवढे विचारावयास हवे होते. त्यांनी त्या अध्यक्षांवर विश्वास ठेवलाच नव्हता. त्यांस तर त्यांनी पाहिलेही नव्हते. त्यांनी आमच्यावर ठेवला होता.

तेव्हा त्यांची सर्व रक्कम आपण भरून द्यावी काय? हा प्रश्न आम्ही पुष्कळ रात्री घोळविला. आमच्या पगारात ते शक्य नव्हते; आणि खरे सांगावयाचे तर, शक्य असते तर आम्ही केले असते की नाही, याचीही आम्हांस खात्री नाही. जे शक्य होते ते केले. अवसायकाकडे त्यांचा दावा लिहून दिला, पावतीच्या नकला काढल्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांच्यासह कचेरीत जाऊन बाकावर बसू लागलो. तो पिग्मीवाला तरुणही आमच्याबरोबर येऊ लागला. आजवर त्यांस अठरा हजार रुपये परत मिळाले आहेत.

ते अठरा हजार हाती आले त्या दिवशी कचेरीबाहेर त्यांनी नोटा पदरात बांधल्या आणि आम्हांस विचारले, ‘पाळकसाहेब, आता हे कोठे ठेवू?’ आम्ही पोस्टाचे नाव घेतले, विमा असलेल्या बँकेचे नाव घेतले, आणि भेद समजावून सांगू लागलो. त्यांनी थोडे ऐकले व म्हणाल्या, ‘ते मला नाही कळायचे. तुम्ही चला बरोबर.’ आम्ही तिघे पोस्टाकडे निघालो.