शब्दामागची साक्ष

परभणी जिल्ह्यातल्या पालमशेजारच्या गंगाखेडची संत जनाबाई सुमारे ७०० वर्षांपूर्वी नामदेवांच्या घरी दळणकांडण करत होती. पद नाही, अधिकार नाही; तरी तिचं नाव राहिलं, ते तिच्या अभंगांमुळे आणि वारकऱ्यांनी ते आपले मानून गायले म्हणून. आज इंटरनेटवर नाव कमावू पाहणाऱ्या पालमच्या तरुण कृषी सल्लागारालाही हेच दोन आधार आहेत: उघडपणे लिहून मांडलेलं काम आणि त्याच कामातल्या माणसांची शिफारस. कुणी म्हणेल, शिफारशी तर एकमेकांची पाठ थोपटूनही मिळतात. मिळतात खऱ्या, पण स्तुती वेगळी, साक्ष वेगळी. कपाशीवरच्या बोंडअळीसाठी कधी काय केलं, कुठे चुकलं, हे तारखेसह लिहिलं असेल, तर दुसरा जाणकार ते आपल्या शिवारात पडताळून पाहू शकतो; मग त्याची शिफारस ही साक्ष ठरते.