नांदायला येण्याचा दावा

लग्नाची बायको नांदायला येत नाही, कोर्टाने तिला पाठवावे, असा दावा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई हायकोर्टात लावला. लग्न झाले तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. पुढे त्या आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच वाढल्या, शिकल्या, आणि जाणत्या वयात त्यांनी सासरी जायला नकार दिला.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये हा दावा फेटाळला. हिंदू धर्मशास्त्रात अशा दाव्याला आधार नाही, तो इंग्लंडातून आला आहे, आणि तिथेही एकत्र नांदून मग विभक्त झालेल्या जोडप्यांसाठीच तो असतो, असे त्यांचे म्हणणे होते. मला या खटल्यातला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. एका न्यायाधीशाने कायद्याला त्याचे कूळ विचारले होते.

ते कूळ चर्चचे होते. घटस्फोट जवळजवळ अशक्य असलेल्या काळात इंग्लंडची धर्मन्यायालये घर सोडून गेलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला परतण्याचा हुकूम देत. न ऐकणाऱ्याला बहिष्कृत करत; १८१३ नंतर त्याजागी तुरुंग आला. १८५७ मध्ये हे अधिकार दिवाणी न्यायालयाकडे गेले. हिंदुस्थानातही असा दावा चालतो, असे प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्ये एका मुस्लिम दांपत्याच्या प्रकरणात ठरवले. आणि दादाजींनी दावा लावला त्याच १८८४ साली इंग्लंडच्या संसदेने तिथली तुरुंगाची शिक्षा काढून टाकली. इथे मात्र ती राहिली.

पिन्हींच्या निकालावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ तुटून पडले. धर्म बुडतो आहे, अशी हाकाटी झाली. ज्या हुकुमासाठी हा आटापिटा चालला होता तो परक्या चर्चचा वारसा होता, हे त्या गदारोळात मागे पडले. टिळकांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण या प्रश्नात ते चुकीच्या बाजूला उभे होते.

अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत, राजकोट इथे त्यांनी रुग्णसेवा केली.

दावा मात्र टिकला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ होऊन बसला. इंग्लंडने तो १९७० मध्ये रद्द केला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती चौधरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवले : कोणासोबत राहायचे, मूल होऊ द्यायचे की नाही, हे स्त्रीच्या शरीराचे आणि खासगीपणाचे प्रश्न आहेत, असे त्यांनी बजावले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंब सावरण्याचे साधन म्हणून कलम वैध ठरवले. मला चौधरींचेच म्हणणे पटते. कोर्टाच्या कागदाने संसार जुळत नाही.

आज या कलमाचा एक उपयोग वकिलांना चांगला ठाऊक आहे. बायकोने पोटगी मागितली की नवरा नांदायला येण्याचा अर्ज टाकतो, आणि हुकूम मिळाला की तो दाखवून पोटगीला नकार देतो. केवळ असा हुकूम झाला आणि ती परतली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही. ती का परतली नाही हे तपासावे लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले.