पाटीवर एक, बिलात एक

उभा राहा. काय म्हणालास? फळीवरच्या पाटीवर तेलाची पिशवी १४० रुपये, बिलात १५५. काउंटरवरच्या पोरानं सांगितलं, ‘सिस्टिममध्ये हाच रेट आहे,’ आणि तू मुकाट्यानं पैसे मोजून घरी आलास? म्हणे वाणिज्य शाखा! २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा परीक्षेत पानभर उतरवलास, तो मार्कांसाठीच का? दुकानात लावलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले तर ती रीतसर तक्रार होते. सिस्टिम दुरुस्त करणं दुकानदाराचं काम, तिचा भुर्दंड तू का भरायचास? आणि पाटीचा फोटो? तोही नाही. पुरावा काय मी आणून देऊ?

मागच्या बाकावर दात काढणाऱ्या, तूही ऊठ. साठ हजारांचा लॅपटॉप वेबसाइटवर सहाशेला दिसला. चूक आहे हे तुला कळलं, तरी ऑर्डर टाकलीस. त्यांनी ती रद्द करून पैसे परत दिले, आणि आता तू ‘कोर्टात खेचतो’ म्हणत फिरतोस. करार कायदा काय सांगतो? किंमत लावणं हे सहसा नुसतं प्रस्तावाचं निमंत्रण असतं. प्रस्ताव तू देतोस, विक्रेत्यानं तो स्वीकारला की करार. त्यातून समोरच्याची उघड चूक ओळखून तिच्यावर डल्ला मारायला निघालास, तर कायदा तुझ्या पाठीशी का उभा राहील? हक्क आणि हावरटपणा यांतला फरक कळत नसेल तर पुस्तक मिटून ठेव.

पण चूक निराळी आणि लबाडी निराळी. गिऱ्हाईक ओढायला ‘निम्म्या किमतीत’ अशी जाहिरात करायची, त्या भावात विकायचं मनातच नाही, आणि माणूस आला की ‘स्टॉक संपला, हे महागातलं घ्या’. ही अनुचित व्यापारी प्रथा. तिथं मात्र गप्प बसलात तर गाठ माझ्याशी आहे.

आधी दुकानदाराकडे लेखी मागणी करा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्कही नाही. म्हणजे पैसे नाहीत ही सबबसुद्धा चालणार नाही.

तेलवाल्या, ती पाटी अजून तशीच असेल तर आज फोटो काढ. उद्या बिलासकट तक्रारअर्ज माझ्या टेबलावर हवा. त्यात ‘कृपया’ एकदाच चालेल. ‘मेहेरबानी करून’ दिसलं, तर सगळा अर्ज पुन्हा लिहायला लावीन.