तटस्थ

"तू लांबून बघतोस ना, म्हणून तुला सगळं नीट दिसतं," असे म्हणून दादाने गेल्या वर्षी फोन ठेवला.

विषय आईचा होता. तिला हल्ली विसरायला होते. मी सिंगापूरहून सगळे पर्याय मांडले होते: घरी बाई ठेवणे, पुण्यातला वृद्धाश्रम, खर्च, सोयी-गैरसोयी. कन्सल्टंटची सवय, दुसरे काय! वर "जरा तटस्थपणे विचार कर" असा सल्लाही दिला. त्यावर तो म्हणाला होता, "तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. मी पाण्यात आहे."

आमचे घर अलिबागला. तिथली चुंबकीय वेधशाळा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. पूर्वी हे वेध मुंबईत कुलाब्याला घेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे नोंदी बिघडणार, हे ओळखून डॉ. मूस यांच्या काळात १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभी राहिली. खरे ऐकायचे तर गोंगाटापासून दूर जावे लागते, हे लहानपणी मला तिथेच पटले. परदेशी येण्याचे समर्थन करायलाही ते बरे पडले!

सूर्यावरून वादळ आले की पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर उंचीवर, तप्त विद्युतभारित कणांचे कडे बळावते. अलिबागच्या आलेखाची रेषा तेव्हा खाली घसरते. पण जमिनीवर कळतो तो एकूण परिणाम, त्या कड्याचा आकार दिसत नाही. मी २००४ साली अमेरिकेत एमएस करत होतो, तेव्हा आमच्या विभागाच्या भिंतीवर नासाच्या 'इमेज' यानाने काढलेली त्याची चित्रे लावलेली होती. हे यान मार्च २००० मध्ये सोडले आणि डिसेंबर २००५ मध्ये त्याचा संपर्क तुटला. वादळ ऐन भरात असताना हे कडे सगळीकडे सारखे नसते, एका बाजूला जास्त दाट असते, हे त्याने स्पष्ट दाखवले.

हे चित्र प्रकाशाचे नव्हे, अणूंचे. चुंबकीय क्षेत्रात अडकलेला वेगवान प्रोटॉन तिथल्या विरळ हायड्रोजनच्या एखाद्या थंड अणूजवळून जाताना त्याचा इलेक्ट्रॉन घेतो. त्याचा भार संपतो, चुंबकीय क्षेत्राची पकड सुटते आणि तो जवळपास त्याच वेगाने सरळ निघून जातो. असे सुटलेले अणू यानाच्या कॅमेऱ्यात शिरतात आणि आतली खबर देतात. आपल्या मराठी पुस्तकात अशा अणूला 'उदासीन' म्हणतात.

इतकी वर्षे मी स्वतःला तो सुटलेला अणू समजत होतो. बाहेर पडलो म्हणून मला घराचे चित्र स्वच्छ दिसते, असे वाटायचे. फोन ठेवल्यावर मात्र दुसऱ्या अणूची आठवण झाली. ज्याचा इलेक्ट्रॉन गेला, त्याचे काय होते? तो आता भारित झालेला असतो. आधी क्षेत्राची पकड नसलेला तो अणू, आता त्याच क्षेत्रात अडकतो.

दादाला १९९९ साली पुण्यात नोकरी मिळत होती. बाबा नुकतेच गेले होते, मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. तो अलिबागला राहिला. माझ्या तटस्थपणाची किंमत कोणी भरली, हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत पडला नव्हता.

म्हणजे लांबून दिसते ते खोटे का? तसे नाही. यानाची चित्रे खरीच होती, आणि माझ्या सल्ल्यातही काही चूक नव्हती. चूक इतकीच, की ही दृष्टी मी माझी कमाई समजलो. ज्याच्या जिवावर आपण बाहेर उभे राहून पाहतो, त्याला तटस्थ राहायला सांगण्याचा हक्क आपल्याला उरतो का? मला वाटते, नाही. पाहिलेले त्याला सांगावे जरूर, पण निर्णय त्याचा आणि ओझ्यातला वाटा आपलाही.

अणू मागे वळत नाही, माणसाला वळता येते. या मे महिन्यात मी पाच आठवडे अलिबागला राहणार आहे. दादा आणि वहिनी लग्नानंतर प्रथमच हिमाचलला जात आहेत. आईच्या गोळ्यांच्या वेळा त्याने मला लिहून पाठवल्या आहेत. यादी दोन पानांची आहे.