टिटवीची अंडी आणि शंकराचार्यांचा पाऊस

दुष्काळी वर्षी मे महिन्यात भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी इतकं आटतं की पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. १९८०मध्ये धरण पूर्ण झालं. तेव्हापासून पाण्याखाली राहणाऱ्या जमिनीवर अशा वर्षी भेगाळलेला गाळ पसरलेला असतो. ऊन कललं की त्यावर छोटे आर्ली पक्षी पाकोळ्यांसारखे भिरभिरत हवेतले किडे टिपतात. दुर्बीण घेऊन आलेल्याला मात्र टिटवी जवळ येऊ देत नाही. डोक्यावर घिरट्या घालत ती ओरडत राहते, कारण पायाजवळच कुठेतरी उथळ खळग्यात तिची ठिपकेदार अंडी असतात, बहुधा चार आणि ढेकळांत सहज मिसळून जाणारी. उन्हाच्या तडाख्यात ती पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते.

टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर, असं शेतकरी सांगतात. पण उजनी भरते ती मुख्यतः घाटमाथ्यावरच्या पावसाने. तिकडे धरणं भरली, विसर्ग सुटला, की दौंडवरून भीमेचं पाणी इथे चढतं. इथल्या आभाळात तेव्हा ढगही नसेल.

काठावरचा शेतकरी ज्या पाण्यासाठी देवाला साकडं घालतो, तेच पाणी ही अंडी बुडवतं. देवाने ऐकायचं कुणाचं?

पंचतंत्रात समुद्र टिटवीची अंडी पळवतो. गाऱ्हाणं गरुडाकरवी विष्णूपर्यंत जातं आणि अंडी परत मिळतात. ब्रह्मसूत्रांची वाट अधिक अवघड. जगात इतकी विषमता आणि दुःख असताना ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, हा आक्षेप तिथे सरळ घेतला आहे. भाष्यात शंकराचार्य दाखला देतात तो नेमका पावसाचा. भात असो की जव, पाऊस दोघांना सारखाच, फरक बीजाचा. ईश्वरही तसाच सर्वांना समान, प्राण्यांच्या वाट्याला येणारा फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा.

गाळपेर केलेल्या रानात हा दाखला चपखल बसतो. टिटवीच्या खळग्यापाशी तो अडतो. तिथे पाणी काही उगवत नाही, फक्त बुडवतं. आणि न फुटलेल्या अंड्याच्या माथी मागल्या जन्मीचं कर्म मारणं मनाला पटत नाही. शिवाय हे पाणी केवळ दैवाधीनही नाही. दारं किती उघडायची, किती क्युसेक सोडायचं, हे माणसंच ठरवतात आणि नदीकाठच्या गावांना आधी इशाराही देतात. टिटवीला तो मिळत नाही. अंडी गेली तर हंगाम संपेपर्यंत ती पुन्हा घालते, जरा वरच्या अंगाला, जिथे पक्षी बघायला आलेल्यांच्या गाड्या उभ्या असतात.